भेटीचा रविवार

मुलीसाठी निवासी शाळा बघायला लागले तेव्हा सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा, "का? काय केलं तिनं?"

आपल्याकडे मुलीला बोर्डिंगात घालायचं म्हणजे एक तर घरात पैसा फार, नाहीतर मुलगी हाताबाहेर गेलेली, असं लोकांनी धरलेलंच असतं. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. ती सातवीत होती, शहाणी होती. गरजेपेक्षा जास्त शहाणी होती, आणि मला त्याचीच भीती वाटायला लागली होती.

घर सिडकोत, दुसऱ्या मजल्यावर. मी अंबडला एका इंजिनिअरिंग कंपनीत आहे. आम्हाला सुटे भाग पुरवणाऱ्या वर्कशॉपमध्ये जाऊन त्यांची तपासणी करायची, हे माझं काम. नवरा रेल्वेत, मनमाडला. पाळ्यांच्या ड्यूटीमुळे तो तिकडेच क्वार्टरमध्ये राहतो आणि त्याची आठवड्याची सुटी येते बुधवारी. घरात उरलो मी, मुलगी आणि माझे सासरे. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. आबा रेल्वेतूनच निवृत्त झाले, गार्ड होते. नंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण जिभेचा तिखटपणा जराही कमी झाला नाही.

दिवसभर त्यांना सांभाळायला एक मावशी येतात. त्या चार वाजता जातात, रविवारी येत नाहीत. मी घरी पोहोचते तोवर दिवेलागण झालेली असते. मधला वेळ मुलगी बघायची. आम्ही कोणी तिला तसं सांगितलं नव्हतं. ती शाळेतून यायची, दप्तर ठेवायची आणि आबांच्या खोलीत जायची. त्यांना उठवून बसवताना पाठीला कुठली उशी लावायची, चप्पल आधी कुठल्या पायात घालायची, चहा किती गार झाला की द्यायचा, हे सगळं तिला ठाऊक. खालून मैत्रिणी हाका मारायच्या. ही गॅलरीत येऊन हळू आवाजात सांगायची, "आबा झोपलेत. उठले की येते." आबा उठायचे, पण ही जायची नाही. टीव्ही बघताना, अभ्यास करताना, जेवताना, तिचा एक कान कायम त्या खोलीकडे असायचा.

पालकसभेला वर्गशिक्षिका म्हणाल्या, "शेवटच्या तासाला तिला सोडतो आम्ही. घरी आजोबा एकटे असतात म्हणाली. तुम्हाला माहीत असेलच."

मला माहीत नव्हतं. शेवटचा तास खेळाचा असायचा.

त्या दिवशी मी स्कूटी काढली आणि घरी न जाता थोडा वेळ पाथर्डी फाट्याला चहा घेत बसले. संध्याकाळसाठी दुसरी बाई ठेवायची, हा उपाय सगळ्यात सोपा. तो केला. बाई चांगली मिळाली, वेळेवर यायची. पण मुलगी तिच्या शेजारी उभी. "मावशी, तसं नाही, आधी डावा हात धरायचा." "मावशी, एवढा गरम नाही चालत त्यांना." बाई वैतागली. मला म्हणाली, "ताई, तुमची पोरगी माझी सुपरवायझर आहे का?" आणि एक दिवस यायची बंद झाली. तिच्या जागी आलेल्या बाईचंही तेच झालं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाई कितीही चांगली मिळाली तरी ही मुलगी या घरात असेपर्यंत ड्यूटीवरच राहणार. तिला सुटी द्यायची तर घराबाहेरच काढायला हवं.

नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "तू बघ. तू बघतेस ते नीट बघतेस." हे त्याचं नेहमीचं वाक्य आहे. ऐकायला कौतुकाचं वाटतं, पण त्यानंतर काम माझ्याकडे येतं.

नणंदेचा फोन लगेच आला.

"वहिनी, एकुलती एक पोरगी, आणि तिला बाहेर ठेवताय?"

"तिच्यासाठीच ठेवतेय."

"आणि आबांचं कोण बघणार?"

"बघा, हाच प्रश्न तुम्ही मला विचारलात. ती तो रोज स्वतःला विचारते. म्हणून ठेवतेय."

"तुमच्याशी बोलण्यात कोण जिंकणार, बाई," असं म्हणून तिने फोन ठेवला.

आबांना सांगायचं मला अवघड वाटत होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तोंडाच्या एका बाजूने म्हणाले, "तिला कशाला? मलाच टाक. घंटेला चहा, घंटेला जेवण, घंटेला झोप. जन्मभर तेच केलंय." आणि मग, "पाठव. पोरीची लवकर म्हातारी व्हायला लागलीय."

मग मी कामाला लागले. काम म्हटलं की मला बरं वाटतं, डोक्यातला गोंधळ कमी होतो. सप्लायरकडे गेल्यावर मी कधी आधी ऑफिसात बसत नाही. ऑफिसात चहा येतो, बिस्किटं येतात, फाइल येते, आणि फाइल सगळ्यांचीच चांगली असते. मी आधी स्वच्छतागृह बघते, मग भंगाराचा ढीग, मग ऑफिस. होस्टेलही तसंच बघायचं ठरवलं. स्वच्छतागृहाच्या कड्या आतून लागतात का, बादल्या पुरतात का, गरम पाणी सगळ्या मजल्यांवर येतं का, पॅड टाकायची सोय काय, रात्री मुलगी आजारी पडली तर रेक्टर बाई कुठल्या खोलीत झोपतात, भोजनगृहाच्या मागच्या पिंपात उरलेलं काय पडलंय. पिंपात डाळ दिसली तर चालते, तिथे भाजी तशीच्या तशी पडलेली असेल तर स्वयंपाकघरात जाऊन प्रश्न विचारायचे. अर्ध्या दिवसाच्या रजा टाकून मी शाळा बघत फिरले. एका रेक्टर बाईंनी तर शेवटी विचारलंच, "मॅडम, तुम्ही शिक्षण खात्यातून आलात का?"

शेवटी दोन शाळा उरल्या. एक त्र्यंबक रस्त्याच्या बाजूला, नवी, मोठी, घोडे आणि पोहण्याचा तलाव असलेली. दुसरी दिंडोरीच्या पुढे, द्राक्षबागांच्या मधे, एका जुन्या संस्थेची. इमारती बैठ्या, कौलारू. तिथे माझ्या हिशेबाने बऱ्याच गोष्टी कमी होत्या. एका बाजूच्या न्हाणीघरात गरम पाणी बादलीने न्यावं लागायचं, प्रयोगशाळा लहान होती. पहिली शाळा पुढे होती, त्यात मला शंका नव्हती. फी जड होती, तरी नवरा म्हणाला होता की जमवू.

आबांना दोन्ही शाळांच्या माझ्या नोंदी वाचून दाखवल्या. त्यांना आवडतं. डोळे मिटून ऐकत होते. झाल्यावर म्हणाले, "पोरी कशा होत्या तिथल्या?"

"वर्गात होत्या आबा. मी कामाच्या दिवशी गेले होते ना."

"म्हणजे रिकामी गाडी बघून आलीस. यार्डातली." त्यांनी डोळे उघडले. "धुऊनपुसून ठेवलेली गाडी सगळ्यांनाच आवडते. पॅसेंजर चढल्यावर बघायची."

मला हसू आलं आणि रागही. एवढं बघितलं, आणि जिच्यासाठी बघत होते तिच्या वयाची एकही मुलगी बघितली नव्हती. ती चूक ऑफिसातल्या कोणाला सांगितली असती तर त्यांना कळलीही नसती. आम्ही वर्कशॉप बघतो, त्यात काम करणारी माणसं जेवायच्या सुटीत काय बोलतात ते कुठे लिहितो?

दोन्ही शाळांत भेटीचा रविवार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात असायचा. मी मुलीला घेऊन त्याच दिवशी जायचं ठरवलं. शेजारच्या काकांना आबांजवळ बसायला सांगितलं. दोघं मॅच बघणार होते, त्यामुळे ते खुशीने आले. शेजाऱ्यांना असं एकदा सांगता येतं. दर महिन्याला सांगता येत नाही.

पहिल्या शाळेत सकाळी पोहोचलो तेव्हा फाटकाबाहेर गाड्यांची रांग होती. आईवडील यायचे, सही करायचे, मुलींना घेऊन दिवसभरासाठी शहरात जायचे. हॉटेल, मॉल, संध्याकाळी परत. तासाभरात आवार रिकामं झालं. तिथल्या मॅडम माझ्या मुलीशी गोड बोलत होत्या. घोडे दाखवले. ही बघत होती, पण हिचं लक्ष दुसरीकडे होतं.

"मॅडम, ज्यांना कोणी न्यायला येत नाही, त्या काय करतात?"

"त्या आतच असतात ना, हॉलमध्ये. टीव्ही असतो त्यांना. कॅरम असतो."

आम्ही हॉलवरून गेलो. दार अर्धं उघडं होतं. आत काही मुली गाद्यांवर लोळत होत्या, टीव्ही मोठ्याने चालू होता. त्यातल्या एकीने दाराकडे झटकन मान वळवली, आम्हाला बघितलं आणि पुन्हा टीव्हीकडे तोंड केलं. त्या शाळेत वाईट काही नव्हतं. तरीही तिथून निघताना माझ्या मुलीने त्या हॉलकडे दोनदा वळून बघितलं.

दिंडोरीच्या पुढे पोहोचेपर्यंत ऊन चढलं होतं. हेल्मेटमुळे डोकं ठणकत होतं आणि आदल्या आठवड्याची सगळी कामं माझ्या पाठीवर बसली होती. या शाळेत गाड्या कमी, मोटरसायकली आणि काळ्यापिवळ्या जीपा जास्त. आवारात आंब्याची जुनी झाडं, आणि प्रत्येक झाडाखाली चादर पसरून एकेक घर बसलेलं. डबे उघडलेले, आया मुलींच्या केसांना तेल लावताहेत, बाप मंडळी मोबाइलवर. एखाद्या जत्रेत आल्यासारखं वाटलं. मुलीला झाडाखाली उभं करून मी ऑफिसात गेले, कारण गरम पाण्याबद्दल माझे अजून प्रश्न होते.

रेक्टर बाई सरळ होत्या. "नाही हो, त्या बाजूला सोलर नाही. सांगितलंय संस्थेला. होईल तेव्हा खरं." खोटं न बोलणाऱ्या सप्लायरवर माझा अर्धा विश्वास तिथेच बसतो. बोलणं लांबलं. बाहेर आले तर झाडाखाली मुलगी नव्हती.

इकडेतिकडे बघितलं तर भोजनगृहाच्या व्हरांड्यात काही मुली गोल करून बसल्या होत्या आणि त्यांच्यात ती होती. मधे पितळेची मोठी परात. परातीत भाकरी, शेवभाजी, कोणाच्या घरचा पुलाव, गुळाची पोळी, नागलीचे पापड, लसणाची चटणी, केकचे तुकडे, सगळं एकमेकांत सरकलेलं. माझ्या पुढेच एक बाई आल्या, डब्यातून दोन पुऱ्या आणि बटाट्याची भाजी परातीत घातली आणि मग आपल्या मुलीकडे गेल्या. मागून दुसरं घर आलं, त्यांनीही तेच केलं. आधी परात, मग आपली चादर. कोणी कोणाला सांगत नव्हतं.

मी खांबाआड थांबले. मी तिथे आहे याचा मुलींना पत्ता नव्हता.

"खा ना, लाजते काय? तुझं कोण आलं नाय ना?" पेठ-सुरगाण्याकडची वाटणारी एक मोठी मुलगी माझ्या मुलीला म्हणत होती.

"आलीय. आई ऑफिसात आहे."

"मग ती येईस्तोवर खा. आली की उठावं लागंल. ज्याचं कोण येतं त्याला परात नाय. नियम हे."

"कोणी केला नियम?"

"आम्हीच." दुसरी चष्मेवाली म्हणाली. "नाहीतर सगळ्याच येतील इकडे. हिला विचार, हिच्या पप्पांना हिनं सांगून ठेवलंय, पप्पा तुम्ही येऊ नका, तुम्ही नुसते वेफर्स आणता."

सगळ्या खिदळल्या. ती मुलगी म्हणाली, "खरंच आणतात गं! वेफर्स आणि केळी!"

"आणि ही बघ, हिची आई आली तर ही रडते. का रडते? शेवभाजी हुकते म्हणून."

माझी मुलगी हसत होती. मोठ्याने, तोंडात घास असताना. असं हसताना तिला मी किती दिवसांत बघितलं नव्हतं, ते आठवायचा प्रयत्न केला नाही. मी परत ऑफिसात गेले आणि रेक्टर बाईंना उगाच काहीतरी विचारत बसले, तिला आणखी थोडं खाता यावं म्हणून.

परतीच्या रस्त्यावर ती मागे बसली होती. ढकांब्याच्या अलीकडे कुठेतरी, वाऱ्यात ओरडून तिने सांगितलं, "आई, मला ही शाळा चालेल."

"का गं? तिथे तर घोडे होते."

माझ्या हेल्मेटजवळ तोंड आणून ती म्हणाली, "इथे तू नाही आलीस तरी चालतं."

मला वाटलं होतं की ती रविवारचं गणित कधी करणार नाही. ते तिने आधीच केलेलं होतं. पप्पांची सुटी बुधवारी, मावशी रविवारी येत नाहीत, आबांना एकटं ठेवता येत नाही. म्हणजे आपल्याला भेटायला कोणी येणार नाही. हे धरून चालायचं, आणि मग त्यात बरी जागा कुठली ते बघायचं. दोन्ही शाळांत तिने एकच गोष्ट तपासली होती, आणि माझ्या सगळ्या तपासणीत ती नव्हती. मी गाडी बाजूला घेतली नाही. घेतली असती तर रडले असते आणि तिने मला सांभाळलं असतं. गाडी चालवत राहिले.

"आणि आबांना चार वाजता?" तिने विचारलं.

"मी बघते."

"नक्की?"

"नक्की. ते माझं काम आहे. तुझं नाही."



जूनमध्ये तिला सोडलं. निघताना आबांनी तिला जवळ बोलावलं आणि डाव्या हाताने तिचा कान धरला. "फोन करशील तेव्हा माझ्या गोळ्यांचं विचारायचं नाही. विचारलंस तर ठेवून देईन." तिला वाटलं गंमत आहे. पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला, मी आबांच्या कानाला लावला. तिने विचारलं आणि त्यांनी खरंच मला खूण करून फोन बंद करायला लावला. त्या दिवशी दोघंही रुसले. पुढच्या फोनला मी शेजारी बसून ऐकत होते. तिने त्यांना शाळेतल्या एका वात्रट मांजराबद्दल सांगितलं, आणि आबा "अस्सं" "अस्सं" करत बराच वेळ बोलत राहिले.

घरी मात्र ओढाताण वाढली. संध्याकाळची नवी बाई टिकली, कारण आता तिच्यावर देखरेख करायला कोणी नव्हतं. पण ती गेली की रात्रीचं सगळं माझ्यावर, सकाळचं माझ्यावर, रविवार तर पूर्ण माझा. कंपनीत उत्पादनाची नवी लाइन सुरू झाली, सप्लायर वाढले. मी सगळ्या गोष्टी वेळेवर करत होते, पण करत असताना मी नेमकी कुठे आहे ते कधी कधी कळायचं नाही. एकदा वर्कशॉपमध्ये माप घेताना उभ्या उभ्या डुलकी लागली. भेटीचे रविवार आले आणि गेले. मी ओळखीच्या एका घरासोबत डबा पाठवायचे, त्यात परातीसाठी वेगळं बांधलेलं असायचं.

मग दिवाळीच्या आधी नवऱ्याने एका सहकाऱ्याशी ड्यूटी बदलून घेतली. रविवारी तो आबांजवळ राहिला आणि मी शाळेत गेले. कधी नव्हे ती पुरणपोळी करून नेली होती. आधी परातीत वाढली. माझी मुलगी तिथेच बसलेली होती. मला बघून तिचा चेहरा फुलला, मग जरा पडला.

"तू आलीस?"

"यायला नको होतं?"

"तसं नाही. सांगून यायचं ना. आज शेवभाजी आलीय." आणि मग स्वतःच हसत उठली. मागून कोणीतरी ओरडलं, "हिची आई आली! हिची पुरी मला!"

आम्ही एका आंब्याखाली चादर टाकली. ती बोलत होती, खो-खोच्या संघाबद्दल, सुरगाण्याच्या मैत्रिणीबद्दल, त्या मांजराला झालेल्या पिल्लांबद्दल. पोळी खाता खाता बोलत होती आणि बोलता बोलता सांडत होती. गुडघ्याला खरचटल्याची मोठी खूण होती. ऐकता ऐकता मी जरा टेकले. फक्त पाठ सरळ करायची होती.

जाग आली तेव्हा सावली सरकून ऊन माझ्या पायांवर आलं होतं. डब्याचं झाकण उघडंच होतं आणि पोळीवर मुंग्या होत्या. शेजारी कोणी नव्हतं. मी कोपरावर उठून बघितलं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मुली खो-खो खेळत होत्या आणि त्यात ती होती. पाठमोरी, वेणी सुटलेली, जोरजोरात ओरडत. मी इथे झोपले आहे हे ती विसरून गेली होती. एकदाही वळून बघत नव्हती.

हाक मारावीशी वाटली, भेटीची वेळ संपत आली होती. मारली नाही. डब्यातल्या मुंग्या झटकल्या, झाकण लावलं, चादर सावलीत ओढली आणि पुन्हा आडवी झाले.